आ कर, बेटा

कानाच्या अगदी पुढं बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःचीच तीन बोटं एकावर एक मावतील एवढं.

माझ्या लेकीच्या दातांत एक बोटही जात नव्हतं. पाच वर्षांची असताना ती झोपाळ्यावरून हनुवटीवर पडली. टाके पडले, जखम भरली, आम्ही विसरलो. पण हनुवटीचा मार कधी कधी वर सांध्यापर्यंत पोचतो. तिथलं हाड मोडतं, रक्त साकळतं आणि पुढं हाडाला हाड जुळून येतं. तोंड इतकं हळूहळू मिटत गेलं, की भाकरीवरून ती खिचडीवर आणि खिचडीवरून पेजेवर कधी आली, आम्हाला कळलंच नाही.

घाटीजवळ १९८२पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथं आम्हाला दुखण्याचं नाव कळलं. दहाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. जुळलेलं हाड काढून मधल्या फटीत कानशिलाच्या स्नायूचा पदर ठेवला. डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं. आता तुमचं सुरू." हालचाल थांबली, तर त्या फटीत पुन्हा हाड धरतं.

काही दिवसांतच व्यायाम सुरू झाला. आधी शेक, मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची थप्पी दातांत धरायची. जमेल तशी एकेक काडी वाढवायची. हे दिवसातून पाच-सहा वेळा. मी म्हणायचो, "आ कर, बेटा." तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

ईदच्या आठवड्यात ती म्हणाली, "अब्बा, आज नको ना." मी काड्या कपाटात ठेवल्या. आजचे आठ दिवस झाले. पुन्हा मोजलं, तर तीन काड्या कमी. त्या परत मिळवायला दीड महिना लागला. लाड मी केले, दुखणं तिनं सोसलं.

म्हणून सांगतो, मूल हनुवटीवर पडलं, तर सांधाही तपासून घ्या. कानातला पू अंगावर काढू नका, तोही सांध्यात उतरू शकतो. आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षभर तरी व्यायामात खंड नको. वाढत्या मुलांना तपासणीसाठी त्यानंतरही नेत राहा.

आज ती दौलताबादचा पेरू न कापता खाते. रात्री मात्र आरशासमोर तीन बोटं घालून बघते. मी दारातूनच मोजतो.