चाकाचा आवाज ऐका

मंडळी, बैलगाडीची आस कोरडी पडली की चाक कुरकुरते. मग आपण वंगण घालतो. मोटारीचेही तसेच आहे. तिच्या चाकात बेरिंग असते. दोन पोलादी कड्यांमध्ये लाटण्यासारखे लहान रूळ फिरतात. ग्रीस संपले, पाणी-चिखल शिरला, की ते झिजतात.

माझ्या ओळखीच्या एकाची जुनी जीप होती. पुढचे चाक घूं घूं करी. वेग वाढला की आवाज वाढे. "चालते आहे ना, मास्तर!" असे तो म्हणे. एका रात्री अडलेल्या बाईला घेऊन तो सिरोंच्याला निघाला. जंगलातच चाक जाम झाले. पुढे बैलगाडी करावी लागली. दैवाने दोन्ही जीव वाचले.

तेव्हा आवाज आला की थांबा. सपाट जागी गाडी लावा. बाकीच्या चाकांना दगड लावा. जॅकने चाक उचला, खाली भक्कम टेकू द्या. चाक वर-खाली धरून हलवून पाहा. खडखडले, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली, तर दोष बेरिंगचा समजा.

दुरुस्ती मिस्त्रीकडून करा. पण समोर उभे राहा. रूळ आणि बाहेरचे कडे दोन्ही नवी हवीत. सीलही नवे हवे. ग्रीस रुळांत दाबून भरावे. जुन्या जीपला चाक फिरवत नट आवळावा, मग जरासा सैल करावा. फार आवळला, तर बेरिंग तापून जळते.

बैल लंगडला तर आपण त्याला जुंपत नाही. गाडीलाही तोच न्याय लावा, बरे का!