शेजाऱ्याचा सल्ला

घर पहावें बांधून, असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु बांधून झालेलें घर पुढें तीस-चाळीस वर्षें राखावें कसें, याविषयीं त्या म्हणीनें अवाक्षरहि काढलेलें नाहीं. गृहप्रवेशाचें तोरण सुकतें, गवंडी आपलें सामान उचलून दुसऱ्या कामावर जातो, आणि पहिल्या पावसाळ्यांत माजघराच्या छतावर चार बोटें रुंदीचा ओला डाग उमटतो. त्या दिवसापासून घरधन्याचें खरें शिक्षण सुरू होतें. आणि त्याचा पहिला शिक्षक बहुधा कुंपणापलीकडे उभा असतो.

यांत वावगें कांहींच नाहीं. ज्यानें त्याच मातींत पाया खणला, त्याच विहिरीचें पाणी झाडांना घातलें आणि तोच पाऊस अंगावर घेतला, त्याचें बोलणें ग्रंथांतील सर्वसामान्य नियमापेक्षां पुष्कळदां अधिक उपयोगाचें असतें. पुण्यांतच टेकडीच्या बाजूला हातभर खणलें कीं मुरूम लागतो, आणि नदीकडच्या सखल भागांत खोल काळी माती सांपडते. एकाच शहरांतील या दोन बागांना पाणी घालण्याचा एकच नियम कसा चालेल? मुरुमांत पाणी ठरत नाहीं, काळ्या मातींत तें साचून मुळें कुजतात. कोंकणांत तर शाकारणीला कोणता माणूस चांगला, कोणाच्या पायाखालीं मंगलोरी कौलें फुटत नाहींत, ही माहिती वाडींतल्या चार घरांखेरीज अन्यत्र मिळणें कठीण.

तथापि शेजाऱ्याच्या सल्ल्याला एक मोठें व्यंग असतें. मनुष्य आपलें यश हौसेनें सांगतो आणि आपली फजिती गिळून टाकतो. शिवाय तो मुदत सांगत नाहीं. दिवाळींत गच्चीवर नवा थर टाकलेला गृहस्थ माघांत शेजाऱ्याला छातीठोकपणें सांगतो कीं, आतां थेंबभर पाणी गळत नाहीं. माघांत कोणाची गच्ची गळते? ज्या गच्चीनें एकहि पावसाळा पाहिलेला नाहीं, तिची शिफारस ऐकून घ्यावी आणि पुढच्या आश्विनापर्यंत राखून ठेवावी. गच्चीच्या ओलीची आणखी एक खोड आहे. डाग जेथें दिसतो तेथेंच पाणी शिरलेलें असतें, असें नव्हे. तें कठड्याच्या कडेला किंवा पन्हळीच्या तोंडाशीं शिरतें, स्लॅबमधून वाट काढीत दहा-दहा फूट लांब जातें आणि भलत्याच खोलींत प्रकट होतें. खालून रंग लावून हा रोग बरा होत नाहीं. आणि वरून जुन्या कोब्यावरच नवा कोबा चढवीत गेल्यास ओल थांबो वा न थांबो, स्लॅबवरील ओझें मात्र खात्रीनें वाढतें.

अनुभवाची देवाणघेवाण शिस्तीनें केली तर तिच्यांतून केवढें कार्य उभें राहतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठांत अध्यापन केलेले श्री. अ. दाभोलकर यांनीं कोल्हापूरकडे ‘प्रयोग परिवार’ नांवाची चळवळ चालविली. तिचें तत्त्व साधें होतें. प्रत्येकानें आपल्या वाफ्यांत, आपल्या वेलीवर स्वतः प्रयोग करावा, काय केलें व काय झालें याची नोंद ठेवावी आणि ती इतरांना कळवावी. फसलेला प्रयोगहि त्यांत आला. द्राक्षबागाईतदारांनीं या मार्गानें पुष्कळ मिळविलें, आणि थोड्या जागेंत कुटुंबापुरती बाग कशी फुलवावी याचाहि विचार दाभोलकरांनीं मांडला. 2001 सालीं ते निवर्तले; परंतु शहरांतील गच्चीवर भाजीपाला पिकविणाऱ्या अनेक कुटुंबांनीं त्यांची पद्धत उचलली आहे.

गच्चीवरील बागेचा विषय निघालाच आहे, तर वजनाचा हिशेब येथेंच मांडलेला बरा, कारण हौसेच्या भरांत तो कोणी करीत नाहीं. ओल्या मातीचा एक घनफूट सुमारें 50 किलोग्रॅम भरतो. म्हणजे गच्चीवर फूटभर जाडीची माती पसरली, तर दर चौरस फुटावर 50 किलोग्रॅमचें ओझें कायमचें पडलें. सामान्य घराची वापरांतील गच्ची चौरस फुटाला साधारण 14 किलोग्रॅम वावरभार धरून आंखलेली असते. शेजाऱ्याच्या गच्चीवर केळीचा घड लोंबतो म्हणून आपणहि ट्रकभर माती वर चढविणें हें धाडसाचें नव्हे, अविचाराचें काम होय. उसाचीं चिपाडें, वाळका पाला आणि स्वयंपाकघरांतील ओला कचरा कुजवून त्यांत मूठ-दोन मूठ माती मिसळण्याची जी रीत जाणते लोक सांगतात, तिचें एक कारण हें वजनच आहे. कुंड्याहि मध्यावर न ठेवतां तुळयांच्या व भिंतींच्या माथ्यावर मांडाव्यात.

बागेपुरता सल्ला हवा असल्यास पुणेकरांना एक जागा आयती लाभलेली आहे. 1830 सालीं स्थापन झालेली, पश्चिम हिंदुस्थानची म्हणून ओळखली जाणारी कृषि-उद्यान संस्था एम्प्रेस गार्डन सांभाळते, आणि जानेवारींत तेथें पुष्पप्रदर्शन भरतें. बक्षीस मिळालेल्या गुलाबाभोंवतीं लोकांची गर्दी होते. ज्याला खरोखर शिकावयाचें आहे, त्यानें मात्र बक्षीस न मिळालेल्या कुंडीच्या मालकाशीं चार शब्द बोलावे. त्याला आपलें काय चुकलें हें बहुधा ठाऊक असतें, आणि बोलावयास फुरसतहि असते.

सोलापूरकडील एका घराची हकीकत या संदर्भांत ऐकण्याजोगी आहे. घर काळ्या मातींत बांधलेलें. धनी सेवानिवृत्त लेखनिक. घराच्या आग्नेय कोपऱ्यापासून बारा हातांवर त्यांच्या मातोश्रींनीं कोय पुरून वाढविलेला आंबा. एका वर्षीं खिडकीच्या कोपऱ्यापासून खालीं तिरपी भेग दिसूं लागली. संध्याकाळीं ओट्यावर आळींतील मंडळी जमली, आणि जितकीं तोंडें तितके उपाय निघाले. एकानें सिमेंट भरावयास सांगितलें. तें भरलें, आणि चार महिन्यांत शेजारींच दुसरी भेग पडली. दुसऱ्यानें दाराची दिशा बदलावयास सांगितली. बाकी सर्वांचें मत एकच पडलें, कीं आंब्याचीं मुळें पायाखालीं शिरलीं आहेत, झाड तोडावें. शहरांतील झाड तोडण्यास 1975 च्या कायद्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; लेखनिकांनीं अर्जहि लिहून काढला. पत्नीनें त्या रात्रीं अन्नाला हात लावला नाहीं.

दोन घरें सोडून एक वृद्ध बाई राहत असत. आळींत सर्व त्यांना काकू म्हणत. त्यांच्या घराला पूर्वीं अशीच भेग गेलेली होती. त्या ओट्यावरील सभेला आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आल्या आणि भेगेकडे न पाहतां घराभोंवतीं फिरल्या.

“दादा, भेग उन्हाळ्यांत रुंदावते कीं पावसाळ्यांत?” त्यांनीं विचारलें.

“तें कांहीं पाहिलें नाहीं, काकू.”

“मग अर्ज कशाच्या बळावर लिहिलात? हें पहा. वैशाखांत सगळी जमीन तडकली आहे, आणि तुमच्या या कोपऱ्यावर दूर्वा कशा हिरव्यागार?”

काळी माती पाणी प्याली कीं फुगते आणि वाळली कीं आकसते. सगळा पाया एकसारखा वर-खालीं झाला तर घराला फारसें भय नसतें. एक कोपरा बारमाही ओला आणि बाकीचे कोरडे राहिले, म्हणजे भिंत मध्येंच फाटते. काकूंनीं एवढ्या शब्दांत हें सांगितलें नाहीं. त्यांनीं न्हाणीची मोरी उघडावयास सांगितली, आणि स्थापत्यांतल्या माणसालाहि आणून दाखवा, माझें घर वेगळें तुमचें वेगळें, असें बजावलें. मोरीचें खापरी नळकांडें पायाशींच फुटलेलें निघालें. आलेल्या अभियंत्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, जी ओट्यावर कोणाला सुचली नव्हती: मोठें झाड जमिनींतील ओल सतत शोषीत असतें, तें एकाएकीं काढलें तर अशी माती नव्यानें पाणी धरून फुगते, आणि घराला नवाच उपद्रव होऊं शकतो.

नळ बदलला. भिंतीलगत चार फूट रुंदीची, बाहेर उतार दिलेली फरशी बसविली. भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीचे ठिपके काढून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मधलें अंतर मोजावयाचें, असें ठरलें. सोलापुरांत भाद्रपदांतला पाऊस जोराचा. तो गेला, हिंवाळा गेला, पुढचा वैशाख आला. वहींत सुरुवातीला अंतर थोडें कमी-जास्त झाल्याची नोंद आहे. शेवटचे सात आंकडे सारखे आहेत. त्यानंतर भेग चुन्यानें भरली.

त्या वर्षीं आंब्याला मोहोर बेताचाच होता. पहिली पाटी काकूंकडे गेली.