बिनपगारी खुर्चीवरचे शेजारी



युद्ध संपले म्हणजे शिपायांचे आभार मानले जातात, आणि ते मानलेच पाहिजेत. पण ज्यांनी बंदूक हाती धरली नाही आणि तरीही ज्यांच्या निर्णयाने लक्षावधी तरुण रणांगणावर गेले, त्या साध्या नागरिकांचे आभार कसे मानावयाचे, हा प्रश्न १९४५ साली अमेरिकेपुढे आला. त्याविषयी आज बोलावयाचे आम्ही योजिले आहे.

इंग्रजी अमलात हिंदी माणसावर लष्करात जाण्याची कायद्याने सक्ती झाली नाही. दुसऱ्या महायुद्धातील पंचवीस लाखांवर हिंदी सैन्य स्वेच्छेने नाव नोंदविलेल्यांचे होते. (स्वेच्छा किती आणि पोटाची आग किती, हा हिशेब निराळा.) अमेरिकेत मात्र सक्ती होती, आणि तिचा पहिला अनुभव कडू होता. यादवी युद्धात, १८६३ साली, लष्करी अधिकारी घरोघर फिरून नावे टिपू लागले. तीनशे डॉलर भरील त्याला सूट. मजुराजवळ तीनशे डॉलर कुठले? न्यूयॉर्क शहरात दंगे पेटले, माणसे मेली, आणि त्या रागाचे बळी झाले बिचारे काळे लोक.

हा धडा पुढे कामी आला. १९१७ साली पैसे भरून सुटण्याची वाट बंद झाली व निवडीचे काम त्या त्या गावच्या नागरिकांच्या मंडळांकडे आले. सप्टेंबर १९४० च्या कायद्याने तीच पद्धत पुन्हा चालू केली. १६ ऑक्टोबरला एका दिवसात एक कोटी साठ लाखांच्या आसपास पुरुषांनी नावे नोंदविली. स्थानिक मंडळे सुमारे साडेसहा हजार. प्रत्येकावर तीन किंवा अधिक सभासद, सारे त्याच भागात राहणारे, आणि पगार एका पैचाही नाही.

काम काय, तर समोरच्या कागदावरून ठरवावयाचे, हा जाईल की राहील. याच्यावर म्हातारे आईबाप अवलंबून आहेत काय? याचे कारखान्यातले काम युद्धाला खरोखर हवे आहे काय? (त्यासाठी अर्ज बहुधा मालकाने करावयाचा, ही गोष्ट आमच्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही.) निर्णय दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच मुलाच्या आईशी वाण्याच्या दुकानात गाठ! परका साहेब हुकूम काढतो आणि निघून जातो; शेजाऱ्याला तसे निघून जाता येत नाही. १९४७ पर्यंत एक कोटीवर माणसे अशी भरती झाली. हे ओझे त्यांनी वर्षानुवर्षे फुकट वाहिले. १९४५ च्या जुलैमध्ये काँग्रेसने या बिनपगारी सेवकांसाठी खास पदक मंजूर केले, ते योग्यच झाले.

परंतु आभार मानताना आम्ही आणखी एक गोष्ट विचारतो. बिनपगारी काम कोणाला परवडते? ज्याचे दुकान मुलगा सांभाळतो, ज्याची वकिली बसली आहे, ज्याला पेन्शन आहे, त्याला. पाळीवर जाणाऱ्याचा खाडा झाला की चूल थंडावते. पुढे व्हिएतनामच्या युद्धात हेच उघड झाले. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगाने १९६७ साली सांगितले की, मंडळांच्या सभासदांचे सरासरी वय अठ्ठावन्न आहे; लोकसंख्येत शंभरात अकरा असलेले काळे लोक मंडळांवर शंभरात एकाहून किंचितच अधिक आहेत. बहुसंख्य सभासद पांढरपेशे. जाणारी मुले मात्र पुष्कळशी मजुरांची. त्या सभासदांनी कपट केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांतले बरेच जण सरळ मनाचे असतील. पण ज्याच्या दारात भोंगा वाजत नाही, त्याला भोंग्याच्या घरातली अडचण कागदावरून किती कळणार? १९७३ साली ती सक्ती थांबली.

आमच्या युनियनमध्ये हा प्रश्न लहान प्रमाणावर रोज येतो. वाटाघाटीला कोण बसणार? पूर्वी बसे तो ज्याला सुट्टी घेणे झेपे, मग तो खात्यातला जाणकार असो वा नसो. म्हणून आम्ही वर्गणीतून खाड्याची भरपाई सुरू केली. काही जुन्या मंडळींना ते रुचले नाही. सेवेचे पैसे घेणे त्यांना हलके वाटले. भरपाई सुरू झाल्यावर पहिल्यांदा वाटाघाटीला बसल्या त्या रीळ खात्यातल्या बायका. तोवर त्यांच्या खात्यातील पाण्याच्या नळाचा प्रश्न मागण्यांच्या यादीत कधी आलाच नव्हता.