प्रतिबंधाचा पैसा वस्तीच्या हाती हवा

(भाषणाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचे नाव आपल्या घरांत मोठ्याने उच्चारले जात नाही. तो विषय एच.आय.व्ही.चा आहे. या रोगाचे औषध सांगणे हे डॉक्टरांचे काम. मी वकील आहे. म्हणून मी तुमच्यापुढे निराळा प्रश्न ठेवतो. हा रोग गावात पसरू नये म्हणून जो पैसा खर्च व्हावयाचा, तो कोणाच्या हातून खर्च व्हावा? माझे उत्तर असे की, ज्या वस्तीला धोका आहे त्या वस्तीतील माणसांच्या हातून तो खर्च झाला पाहिजे. आणि तो मागताना आपण याचक नसून हक्कदार आहोत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्या जालना जिल्ह्याची स्थिती पाहा. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. उलट बिहार, उत्तर प्रदेशातील मजूर घरदार सोडून जालना शहराच्या पोलाद कारखान्यांत येऊन राबतात. परगावी जाणे हा काही दोष नाही. परंतु घरापासून आणि दवाखान्यापासून लांब असलेल्या माणसाला माहिती, निरोध आणि तपासणी या तिन्ही गोष्टी वेळेवर मिळत नाहीत. सरकारी केंद्र रुग्णालयाच्या इमारतीत असते. ते उसाच्या फडात चालत जात नाही. फडापर्यंत, कोपीपर्यंत जाणारे माणूस त्याच वस्तीतून तयार करावे लागते, आणि त्याला प्रवासखर्च व मानधन द्यावे लागते. प्रतिबंधाचा खर्च तो हाच.

हा रोग असुरक्षित शरीरसंबंधाने, दूषित रक्ताने, एकाची सुई दुसऱ्याने वापरल्याने आणि बाधित मातेकडून बालकाला होतो. एका पंक्तीत जेवल्याने वा एका नळाचे पाणी प्याल्याने तो होत नाही. भारतात 2004 सालापासून सरकारी रुग्णालयांत याचे औषध मोफत मिळते. ते नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका घटला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. असे असताना बाधित माणसाचा पेला निराळा ठेवणारे घर आपल्यात असेल, तर त्याला काय म्हणावे? ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर उभे राहू दिले गेले नाही, त्यांनी घरात नवा विटाळ निर्माण करावा, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही.

आता वस्तीने स्वतः केलेल्या कामाचे एक उदाहरण सांगतो. सांगली येथे 1992 साली ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम आरंभिले. या स्त्रियांना कोणी बाहेरचा उपदेशक नेमून दिला नाही. त्याच एकमेकींना माहिती देऊ लागल्या व निरोध वाटू लागल्या. 1996 साली त्यांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. गिऱ्हाइकाला नकार देण्याचे बळ एकटीला मिळत नाही, ते संघटनेतून मिळते, हे त्यांनी ओळखले.

पुढे कसोटीचा प्रसंग आला. अमेरिकी सरकारने आपला निधी घेणाऱ्या संस्थांना, वेश्याव्यवसायाविरुद्ध प्रतिज्ञापूर्वक भूमिका जाहीर करण्याची अट घातली. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम चालले होते, त्यांच्याविरुद्धच सही करावयाची! ‘संग्राम’ने 2005 साली तो निधी नाकारला. 2013 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट त्या देशातील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली; परंतु परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने 2020 साली दिला. यातून घ्यावयाचा धडा हा की, पैसा किती हे पाहण्यापूर्वी त्यासोबत येणारी अट वाचावी.

परकीय पैशावर विसंबून राहणे आता शक्यही नाही. 2003 साली गेट्स प्रतिष्ठानने ‘आवाहन’ हा मोठा प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केला आणि पुढे ते काम टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपविले. 2020 साली परकीय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, एका संस्थेने मिळविलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत खेड्यातील लहान मंडळाला मिळणारी ही वाट बंद पडली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबविली, तेव्हा अनेक देशांतील अशी कामे अडचणीत आली.

तर मग पैसा कोठे आहे? तो आपल्याच सरकारी खजिन्यात आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, म्हणजे 2021 ते 2026 या काळासाठी, केंद्र सरकारने 15,471.94 कोटी रुपये मंजूर केले. महाराष्ट्रात 1998 साली स्थापन झालेली राज्य एड्स नियंत्रण संस्था अशा निधीतून स्वयंसेवी व वस्तीच्या संस्थांशी करार करून काम देते. परंतु करार होतो तो कागद असलेल्यांशी. ज्यांच्याजवळ विश्वास आहे त्यांच्याजवळ बहुधा कागद नसतो, आणि ज्यांच्याजवळ कागद आहे ते वस्तीत राहत नाहीत. हे अंतर आपणच तोडले पाहिजे.

त्यासाठी काय करावे ते क्रमाने सांगतो. किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदणीच्या 1860 च्या कायद्याखाली व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या 1950 च्या कायद्याखाली नोंदणी करावी. कार्यकारिणीत स्त्रिया असाव्यात आणि धोका पत्करून जगणारे प्रत्यक्ष असावेत. बँकेत खाते उघडावे, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा. कंपन्यांच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि रोगप्रतिबंध हे त्यांत मान्य काम आहे. परंतु त्या निधीसाठी आयकर खात्याची नोंदणी व किमान 3 वर्षांचे काम दाखवावे लागते. म्हणून आरंभ आजच झाला पाहिजे.

तोपर्यंत ग्रामपंचायत आहे. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी आणि 15 टक्के मागासवर्गीयांसाठी राखावयाची असते. फडावर जाण्यापूर्वीची तपासणी व माहिती यांचा खर्च येथून व्हावा, अशी मागणी ग्रामसभेत करा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला आपली माणसे उसात असतात. म्हणून 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबरच्या सभा चुकवू नका. ठराव लेखी घ्या. खर्चाचा हिशेब न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

काम करताना कोणी धमकावील, कोणी अश्लीलतेचा आरोप करील. लैंगिक आरोग्यावर मोकळेपणाने लिहिणारे र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा 1934 साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली होती. आज तर कायदाच आपल्या बाजूचा आहे. 2018 पासून अंमलात असलेल्या एच.आय.व्ही. कायद्याच्या कलम 22 प्रमाणे, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाललेले प्रतिबंधाचे काम हा गुन्हा होत नाही. कलम 3 प्रमाणे बाधित माणसाला नोकरी, शिक्षण, उपचार वा घर यांत भेदभावाने वागविता येत नाही. कलम 8 प्रमाणे त्याच्या संमतीवाचून त्याचे नाव सामान्यतः उघड करता येत नाही. हा कायदा होण्यापूर्वीच 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने, काम करण्यास समर्थ असलेल्या बाधित कामगाराला केवळ रोगाच्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असे ठरविले होते.

शेवटी दोन गोष्टी. मंडळाच्या वहीत पैशाची पै न् पै लिहा, परंतु रुग्णाचे नाव चारचौघांपुढे येऊ देऊ नका. पैसा सार्वजनिक आहे, माणसाची व्यथा त्याची स्वतःची आहे. या दोन्हींची राखण करणारे मंडळ वस्तीचा विश्वास मिळवील, आणि त्याच्या मागणीकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही कचेरीला सोपे जाणार नाही. यंदा कोयते बाहेर पडण्यापूर्वी आपल्या गावात असे सात जण एकत्र बसवा, एवढीच माझी तुम्हांस विनंती आहे.