रविवारची सकाळ संपल्यावर



एखादी मालिका डोक्यावर घेतली गेली की ती संपायच्या आतच चर्चा सुरू होते. आता ही मंडळी पुढे काय करणार? नायक सिनेमात जाणार का? लेखक नवं काही लिहिणार की तेच पुन्हा ताणणार? कार्यवाहांनी मला बोलायला दिलेला विषय हाच आहे. आज चालू असलेल्या मालिकांबद्दल भाकितं केली, तर पुढच्या वर्षी ती तुम्ही माझ्याच तोंडावर माराल. म्हणून मी अशा दोन मालिका घेतो की ज्यांचं पुढे काय झालं ते आता पुरतं समोर आहे. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ आणि बी. आर. चोप्रा यांचं ‘महाभारत’. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तेव्हा रविवारी सकाळी अंघोळी उरकून, शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून त्या पाहिल्या असतील.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं. मूळ मंजुरी ५२ भागांची होती. ती वाढत वाढत ७८ भागांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ ला रामराज्याभिषेकानंतर मालिका थांबली. सागरांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. त्यांच्या मते गोष्ट संपली होती. लोकांच्या मते नव्हती. उत्तर भारतात अनेक शहरांत सफाई कामगारांनी काम बंद केलं. त्यांतले बहुतेक वाल्मीकी समाजाचे. त्यांचं म्हणणं साधं होतं: वाल्मीकी ऋषींचा आश्रम, लव आणि कुश ज्यात येतात ते उत्तरकांड वगळून तुम्ही रामायण पूर्ण झालं असं कसं म्हणता? ऐन पावसाळ्यात रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले, रोगराईची भीती निर्माण झाली आणि सरकारला मध्ये पडावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ‘उत्तर रामायण’ दूरदर्शनवर आलं.

कर्त्याने पुढे काय करावं हे झाडू खाली ठेवून ठरवलं गेल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. आज समाजमाध्यमांवर लोक मालिकेचा शेवट बदलून मागतात, तेव्हा आपल्याला वाटतं की हे काहीतरी नवीनच. पण ती मागणी गमतीची असते. १९८८ ची मागणी मानाची होती. आपला पूर्वज देशभर पाहिल्या जाणाऱ्या गोष्टीतून गळतो आहे, हे सहन न झालेल्या माणसांची ती मागणी होती. एक प्रकारे ते त्या मालिकेचे सर्वांत गंभीर प्रेक्षक होते.

त्या ‘उत्तर रामायणा’त कुश झाला होता एक दहा-अकरा वर्षांचा मराठी मुलगा, स्वप्नील जोशी. पुढे सागरांच्याच ‘श्रीकृष्ण’ मालिकेत तो तरुण कृष्ण झाला. लव झालेला मुलगा मोठेपणी अभिनय सोडून अमेरिकेत अगदी वेगळ्या क्षेत्रात गेला. एकाच आश्रमातली ही दोन मुलं, आणि दोघांचीही वाट चुकलेली नाही. स्वप्नीलचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. दोनदा देव झालेल्या मुलाने मोठेपणी देवपणाला हातच लावला नाही. विनोदी कार्यक्रम केले, हिंदी मालिकांत पडेल ते काम केलं आणि २०१० मध्ये सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’तला पुणेकर झाला. पुण्यात बसून मी हे बोलतो आहे, तेव्हा देव होण्यापेक्षा पुणेकर होणं अवघड, हे वेगळं सांगायला नको.

आता मोठ्या नटांकडे येऊ. अरुण गोविल हे ‘रामायण’पूर्वी नवखे नव्हते. राजश्रीच्या ‘सावन को आने दो’मधून १९७९ मध्येच ते नायक म्हणून गाजले होते. ‘रामायण’नंतर मात्र नायकाची कामं त्यांच्याकडे येईनाशी झाली. निर्मात्यांना भीती वाटे की या माणसाने पडद्यावर नायिकेचा हात धरला तर चित्रपटगृहात लोक चुळबुळतील. ‘राम’ म्हणून मिळालेलं प्रेम आणि त्यामुळे हुकलेलं काम, या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितल्या आहेत.

असं का झालं याचं उत्तर आपण नेहमी ‘भाविक प्रेक्षक’ एवढं देऊन मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. त्या काळी वाहिनी एकच होती. झी टीव्ही आली ऑक्टोबर १९९२ मध्ये. म्हणजे ‘रामायण’ संपल्यावर पुढची चार वर्षं गोविलांना दुसऱ्या वाहिनीवर जाऊन वकील, डॉक्टर, खलनायक होऊन दाखवायची सोयच नव्हती. आज मालिकेतली सोशिक सून सहा महिन्यांत दुसऱ्या वाहिनीवर कारस्थानी जाऊ होते आणि प्रेक्षक पहिली सून विसरतात. १९८८ साली विसरायला दुसरं काही समोर नव्हतं. तोच चेहरा सगळ्या देशाने एकाच वेळी, दीड वर्ष पाहिलेला. तो पुसायचा कुठे?

आणि एक गोष्ट पाहा. त्याच मालिकेत कौसल्या होत्या जयश्री गडकर आणि दशरथ होते त्यांचे पती बाळ धुरी. मंथरा होत्या ललिता पवार. यांपैकी कुणालाही ‘पुढे काय’ हा प्रश्न छळायला आला नाही. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा. जयश्रीबाईंना महाराष्ट्र कौसल्येच्या आधी तीस वर्षं ओळखत होता. ललिताबाईंच्या बाबतीत तर मंथरेनेच त्यांच्याकडून काही घेतलं असं म्हणावं लागेल. ज्यांच्या मागे कामाची रास होती, त्यांच्यावर ती भूमिका बसली आणि निघून गेली. ज्यांच्या मागे थोडं होतं, त्यांना ती चिकटली. भरत झालेले आपले संजय जोग मात्र या दोहोंच्या मध्ये होते. मराठी-हिंदीत काम सुरू होतं, आणि १९९५ मध्ये ते गेले, वयाच्या चाळिशीत. त्यांचं पुढे काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

सिनेमाचं दार बंद झाल्यावर उघडलं ते राजकारणाचं. याची सुरुवात मालिका चालू असतानाच झाली. जून १९८८ मध्ये अलाहाबादची पोटनिवडणूक लागली. विश्वनाथ प्रताप सिंह विरोधात उभे होते आणि काँग्रेसचे उमेदवार सुनील शास्त्री यांच्या प्रचाराला खुद्द ‘राम’ उतरले. निकाल लागला तेव्हा सिंह निवडून आले होते. लोकांनी रामाला नमस्कार केला आणि मत दुसरीकडे दिलं. मला भारतीय मतदाराचा आदर वाटतो तो अशा वेळी.

तीन वर्षांनी मात्र चित्र पालटलं. १९९१ मध्ये सीता झालेल्या दीपिका चिखलिया भाजपतर्फे बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून लोकसभेत गेले. सीता आणि रावण एकाच पक्षाच्या बाकांवर! १९९६ मध्ये ‘महाभारता’तले कृष्ण, नितीश भारद्वाज, जमशेदपूरहून निवडून आले. ‘रामायणा’तले हनुमान, दारासिंग, २००३ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. दीपिकाबाई आणि त्रिवेदी लोकसभेत एकच मुदत राहिले. भारद्वाज १९९९ मध्ये मध्य प्रदेशातल्या राजगढहून उभे राहिले आणि हरले. पहिली निवडणूक चेहऱ्यावर जिंकता येते. दुसरीच्या वेळी मतदार रस्ता आणि पाणी विचारतो, आणि त्याचे संवाद कुणी लिहून देत नाही. स्वतः गोविल उमेदवार झाले ते थेट २०२४ मध्ये, मेरठला. जिंकले, पण दहा हजारांहून थोड्या अधिक मतांनी.

आपल्या पुण्याशी जोडलेला एक तुकडा इथेच सांगून टाकतो. युधिष्ठिर झालेले गजेंद्र चौहान यांची २०१५ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली आणि विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या भिंती तेव्हा ज्यांनी पाहिल्या त्यांना मी अधिक काही सांगायला नको. मूळ प्रश्न पात्रतेचा होता, आणि गंमत अशी की सत्तावीस वर्षांपूर्वीची भूमिका दोन्ही बाजूंच्या बोलण्यात सारखी येत राहिली. समर्थकांना ती पुरेशी वाटे, विरोधकांना ती सोडून दुसरं काही दिसत नव्हतं.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या कहाणीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रसंग केरळात घडला.

नितीश भारद्वाज हे शिक्षणाने पशुवैद्य, मराठी रंगभूमीवरून आलेले. ‘महाभारता’साठी आधी त्यांचा विचार झाला तो विदुराच्या भूमिकेसाठी. ते चित्रीकरणाच्या ठिकाणी पोहोचले तर वीरेंद्र राझदान विदुराच्या वेशात तयार होते. मग नकुल-सहदेवाचं नाव निघालं, आणि शेवटी कृष्ण. मालिका २४ जून १९९० ला, ९४ भागांनंतर संपली. तेव्हा त्यांच्यासमोरही तोच पेच होता जो गोविलांसमोर. ‘खट्याळ सासू नाठाळ सून’सारखे मराठी सिनेमे त्यांनी आधी केले होते, पण कृष्णाचं हसू एकदा चेहऱ्यावर बसलं की त्या चेहऱ्याचा नवरा किंवा जावई करायला कोण धजणार?

पद्मराजन धजले. मल्याळम सिनेमातला हा मोठा लेखक-दिग्दर्शक. त्यांनी ‘ञान् गंधर्वन्’ नावाचा सिनेमा केला आणि नायक म्हणून भारद्वाजांना घेतलं. समुद्रकाठी एका मुलीला लाकडाची एक बाहुली सापडते, तिच्यातून शापित गंधर्व प्रकट होतो आणि तिच्या प्रेमात पडतो. बघा, किती हुशारीची निवड आहे. इतर निर्माते म्हणत होते, या माणसाच्या चेहऱ्यावरचं देवपण जात नाही, म्हणून नको. पद्मराजन म्हणाले असतील, जात नाही ना, मग तेच मला हवं. पण त्यांनी देव दाखवला नाही. देवांनी शिक्षा केलेला, स्वर्गातून खाली उतरलेला आणि माणसाच्या मुलीसाठी झुरणारा एक दुबळा दिव्य पुरुष दाखवला. देशाने पूजलेला चेहरा पहिल्यांदा शरीरासह, वासनेसह, असहाय दिसला.

सिनेमा जानेवारी १९९१ मध्ये लागला आणि तिकीटबारीवर पडला. त्याच्या प्रचारासाठी पद्मराजन कोळिकोडला गेले होते, बरोबर भारद्वाजही होते. तिथल्या हॉटेलात २४ जानेवारीला पद्मराजन झोपेतच गेले. वय पंचेचाळीस. आज केरळात तो सिनेमा लोक पुन्हा पुन्हा पाहतात, त्यातली गाणी तिथल्या तीन पिढ्यांना पाठ आहेत आणि भारद्वाज तिथे ‘गंधर्व’ म्हणून ओळखले जातात. दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या प्रेक्षकांपुढे, त्याच चेहऱ्याचं दुसरं आयुष्य. त्यांनी पुढे दिग्दर्शन केलं, २०१३ मध्ये सुधा मूर्तींच्या कथेवरचा ‘पितृऋण’ मराठीत काढला आणि त्यात तनुजाबाईंकडून एक फार सुंदर भूमिका करून घेतली. पण कृष्णानंतर नट म्हणून त्यांना खरं काम दिलं ते पद्मराजननी, आणि त्यासाठी फक्त एक सिनेमा पुरला.

पडद्यामागच्यांचं काय? त्यांना हा त्रास कमीच. राही मासूम रझांचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. ‘महाभारता’चे संवाद लिहून झाल्यावर त्यांनी ‘नीम का पेड’ लिहिली: जमीनदार, त्याचा वेठबिगार आणि स्वातंत्र्यानंतर उलटलेले फासे. कुरुक्षेत्रावरून थेट उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात. १९९२ मध्ये ते गेले, नाहीतर त्यांनी आणखी काय लिहिलं असतं याचा विचार करून मला हळहळ वाटते. ‘महाभारत’ पडद्यावर आलं तेव्हा चोप्रा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मग ‘विष्णुपुराण’ वगैरे झालंच, पण खरी मजा २००३ मध्ये. कित्येक वर्षं खणात पडून राहिलेली त्यांची एक गोष्ट बाहेर निघाली आणि मुलगा रवी चोप्राने तिच्यावर ‘बागबान’ केला. कथाकार एकोणनव्वद वर्षांचा! सागरांनी मात्र यशाचा साचा सोडला नाही. उंबरगावच्या स्टुडिओत पौराणिक मालिकांचा संसार चालू ठेवला. त्याला मी नावं ठेवत नाही. त्या स्टुडिओवर शेकडो सुतार, शिंपी, रंगभूषाकार जगत होते, आणि ‘पुढे काय’ हा प्रश्न त्यांनाही होता.

मराठी नटाचं या बाबतीत जरा बरं आहे. त्याला नाटक आहे. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिराती पाहा: नावाखाली बारीक अक्षरांत मालिकेचं नाव आणि पुढे ‘फेम’. पहिले पाच-पंचवीस प्रयोग त्या बारीक अक्षरांवर निघतात, त्यानंतर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही तेवढंच उरतं. तिथे पार्श्वसंगीत तीनदा वाजवून कुणी वाचवत नाही. मालिकेच्या करारात दिवसाचे बारा तास बांधून घेतलेला नटही शनिवार-रविवारच्या प्रयोगासाठी भांडून सुट्टी घेतो, ते पैशांसाठी नसतं. नाटकाचे पैसे मालिकेपेक्षा कमीच असतात.

गोविलांकडे येऊन थांबतो, कारण घड्याळाकडे कार्यवाहांची नजर गेलेली मला दिसते आहे. नितेश तिवारींच्या नव्या ‘रामायणा’त राम आहे रणबीर कपूर. गोविल त्यात दशरथ आहेत, म्हणजे बाळ धुरींची भूमिका. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी ज्या माणसाला वनवासाची आज्ञा ऐकून शांत राहायचं होतं, त्याला आता ती आज्ञा देऊन कोसळायचं आहे. नट म्हणून ही भूमिका रामापेक्षा कितीतरी अवघड, आणि मला वाटतं, त्यांना प्रथमच ती अवघड असण्याचा फायदा मिळेल. तिकीट काढून मी तरी त्यांच्यासाठीच जाणार आहे.