रिकाम्या टाकीतला धोका

मोटारसायकलची टाकी गळू लागली की आपण पेट्रोल काढून ती थेट वेल्डिंगवाल्याकडे नेतो. टाकी रिकामी आहे, मग भीती कसली, असं वाटतं. पण पेटते ती पेट्रोलची वाफ. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. झाकण उघडून उन्हात ठेवली, वास गेला, तरी विश्वास ठेवू नका. सांध्यांत, गंजात मुरलेल्या इंधनाची ज्योतीच्या उष्णतेनं पुन्हा वाफ होते. डिझेलचंही तेच.

म्हणून आधी बॅटरीची तार सोडवा आणि पेट्रोल उघड्या जागी काढा. त्याची वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरकत ती दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचते, गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. बारीक छिद्राला इंधनात टिकणारा इपॉक्सी लेप लावता येतो. वेल्डिंग करायचंच असेल, तर टाकी शास्त्रशुद्ध साफ करून आतली वाफ तपासणाऱ्या जाणकाराकडेच द्या. माझं मत विचाराल तर नवी टाकी बसवा. आणि काम बघत उभ्या राहिलेल्या मुलांना आधी लांब पाठवा.