प्रत्यारोपणानंतर रक्तातले निरोप

१९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. दात्याच्या मूलपेशी रुग्णाला दिल्यावर प्रतिकारशक्तीत काय बदल होतात, ते आज पाहू.

प्रत्यारोपणाआधीच्या जोरदार केमोथेरपीने आतड्याचं अस्तर दुखावतं आणि तिथून धोक्याचे रासायनिक निरोप सुटतात. हेच सायटोकाइन. या निरोपांनी दात्याच्या टी-पेशी चवताळल्या, तर त्या रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. हे टाळायला सायक्लोस्पोरिनसारखं औषध देतात. त्याने टी-पेशींची फौज वाढवणारं इंटरल्यूकिन-२ पुरेसं तयार होत नाही. पण याच टी-पेशी उरल्यासुरल्या कर्कपेशीही टिपतात. म्हणून रक्तातली औषधाची पातळी वरचेवर तपासून मात्रा ठरवावी लागते.

न्यूट्रोफिल पेशी साधारण दोन ते चार आठवड्यांत वाढू लागतात. टी आणि बी पेशींची घडी बसायला मात्र कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो. लहानपणीच्या लशींचं संरक्षणही ओसरतं. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने लशी पुन्हा घ्या, आणि ताप आलाच तर अंगावर न काढता तडक रुग्णालय गाठा.